पासवरचा प्रवासी आणि त्याच्या पायातली वहाण

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात टिळकवाडीच्या एका वाचकांचे पत्र छापून आले. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईला जाताना त्यांच्या शेजारी विमान कंपनीत नोकरीला असलेला एक तरुण बसला होता. अंगात बिनबाह्यांचा बनियन, खाली हाफ पँट, पायात रबरी स्लिपर. तो स्टँडबाय पासवर चालला आहे हे त्याच्याच फोनवरच्या बोलण्यातून कळले आणि पत्रलेखकांचा पारा चढला. आम्ही हजारो रुपये मोजून बसायचे आणि शेजारी हे फुकटे चड्डीवर, असा एकंदर सूर. शेवटी मागणी अशी, की पासवर बसणाऱ्या प्रत्येकाला कंपनीने गणवेशच सक्तीचा करावा, म्हणजे कोण पैसे भरून आला आणि कोण नाही ते चारचौघांना दिसेल.

बनियनबद्दल मी त्यांच्या बाजूने आहे. गणवेशाबद्दल अजिबात नाही. आणि फुकटे म्हणण्याबद्दल तर भांडायलाही तयार आहे.

या विषयात मी बोलतो त्याला दोन कारणे. एक म्हणजे मी शिंपी. उमेदीची वर्षे कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातल्या, दुकानात गेली, आता शहापुरात घराच्या पुढच्या खोलीत मशीन ठेवले आहे. दुसरे, माझी धाकटी मुलगी एका विमान कंपनीत ग्राउंड स्टाफला आहे आणि आई-वडील म्हणून तिच्या पासवर आमची दोघांची नावे आहेत. मी आणि आमची मंडळी त्या पासवर हिंडून आलो आहोत, आणि पासवर रखडलोही आहोत.

आधी पास म्हणजे काय ते सांगतो, कारण निम्मा राग माहिती नसल्याचा असतो. विमानातली रिकामी सीट म्हणजे नाशवंत माल. दार लागले की तिची किंमत शून्य, उद्या ती विकता येत नाही. अशी उरलेली सीट कंपनी आपल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना देते. तीही सगळी मोफत नाही. ‘आयडी नव्वद’ म्हणतात ते तिकीट म्हणजे भाड्यात नव्वद टक्के सूट, उरलेले दहा टक्के आणि वर विमानतळाचे कर आपण भरायचे. कंपन्या-कंपन्यांचे आपसांतही करार असतात, त्यात अंतराचे टप्पे पाडून भाडे ठरलेले असते. पण कुठल्याही पासवर सीटची हमी नाही. नाव यादीत लागते, काउंटर बंद होईपर्यंत बाजूला उभे राहायचे, आणि मग वरून खाली नावे पुकारतात. नोकरीतली माणसे आधी, त्यातही नोकरीची वर्षे बघतात. आमच्यासारखे आई-बाप बहुतेक ठिकाणी शेपटीलाच. बॅग चेक-इन करायच्या फंदात पडायचे नाही, कारण आपण राहिलो आणि बॅग गेली तर पंचाईत.

आपल्या सांबऱ्याची त्यात आणखी एक गंमत. विमानतळ समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास. एप्रिल-मेच्या दुपारी हवा तापली की पंखांना उचल कमी मिळते, मग छोट्या एटीआर विमानावर कधी कधी वजनाचे बंधन येते. समोर सीटा रिकाम्या दिसत असतात आणि तरी पासवाल्याला सांगतात, ‘तुम्ही संध्याकाळच्याला बघा.’ संध्याकाळचे विमान नसेल तर रात्रीची बस पकडायची.

नोकरी देतानाच पोरांना सांगतात की पगार इतका आणि वर पास. म्हणजे पास हा पगाराचाच भाग झाला. रेल्वेत असणाऱ्याला रेल्वेचा पास असतो, त्याला आपण फुकट्या म्हणत नाही, उलट मुलीसाठी स्थळ म्हणून बघतो. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत. आमच्याच गल्लीतल्या बायका झिरो तिकीट घेऊन सौंदत्तीला जाऊन येतात, आणि जावेच की. तिकिटाचे पैसे दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या कुठल्यातरी खात्यातून भरलेले असतात, एवढाच अर्थ.

आता गणवेश. विमान कंपनीत गणवेश अंगावर असणे म्हणजे ड्यूटीवर असणे. एका गावाहून दुसऱ्या गावी पुढच्या विमानावर कामाला जायचे असलेले पायलट आणि एअर होस्टेस प्रवासी म्हणून बसतात, ते गणवेशात असतात आणि त्यांची सीट पक्की असते. हा पासचा प्रवास नव्हे. एप्रिल २०१७ मध्ये शिकागोला युनायटेडच्या विमानातून एका डॉक्टरांना ओढत बाहेर काढले, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. ती जागा हवी होती ती कामावर निघालेल्या चार कर्मचाऱ्यांसाठी, सुट्टीवर निघालेल्या पासवाल्यांसाठी नव्हे. स्टँडबायवाल्याची तेवढी ताकदच नसते. पैसे भरलेला शेवटचा माणूस बसल्याशिवाय त्याचे नावच पुकारत नाहीत.

समजा माझी मुलगी रजेवर घरी येताना गणवेशात बसली. बाजूचा म्हणणार, ‘मॅडम, पाणी.’ मागचा म्हणणार, बॅग वर ठेवा. आणि जुलैत ढग खाली उतरले, विमान बेळगाववर दोन घिरट्या घालून हुबळीला किंवा गोव्याला गेले, की सगळे तिच्याभोवती गोळा. तिने त्या दिवशी विमान चालवलेले नसते, थांबवलेले नसते, ती पुरणपोळी खायला घरी निघालेली असते. आणि तिच्या कंपनीत तर रजेवर गणवेश घालायला बंदीच आहे. कारण उघड आहे, त्या कपड्यात काहीही वावगे घडले तर नाव कंपनीचे जाते.

पत्रलेखकांना हवे आहे की पैसे न भरलेला माणूस ओळखू यावा. विमान कंपन्यांची माणसे मात्र पोरांना पहिल्या दिवशी नेमके याच्या उलट शिकवतात. पासवर असाल तर तसे कोणाला कळता कामा नये. आम्हाला पहिल्यांदा पास काढून दिला तेव्हा मुलीने बजावले, ‘बाबा, विमानात बसल्यावर पासचा विषय काढायचा नाही. खिडकी मागायची नाही. दिली ती सीट आपली. आणि अप्पांना फोन करून फुकटात आलो म्हणून सांगायचे ते घरी गेल्यावर.’ त्या बनियनवाल्या पोराचा कपड्यापेक्षा मोठा गुन्हा तो फोन.

मी कॅम्पात होतो तेव्हा आमचे निम्मे गिऱ्हाईक फौजी. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. ट्रेनिंग पुरे करून जवान झालेली पोरे मुफ्ती, म्हणजे वर्दीखेरीजचे कपडे, शिवायला यायची. ब्लेझर, पँट, पांढरा शर्ट, टाय. चंदगडची, आजऱ्याची, पाटणची पोरे, आयुष्यात पहिल्यांदा कोट अंगावर चढवणारी. खांद्याला टेप लावली की अंग चोरायची, त्यामुळे माप अर्धा इंच कमी यायचे. मी मुद्दाम गावच्या यात्रेची चौकशी करायचो, बोलता बोलता पोरगा सैल झाला की मग खांदा मोजायचा. सुट्टीवर जाताना ही पोरे सरकारी वॉरंटवर, म्हणजे सरकारने भाडे भरलेल्या कागदावर, रेल्वेत बसायची. पलटणीची वर्दी ट्रंकेत, पण अंगावरचा शर्ट इस्त्रीचा, दाढी केलेली, बूट चकचकीत. गाडीतल्या माणसाला हा फौजी आहे हे कळायचे तर त्याच्या पाठीच्या कण्यावरून. मला वाटते पासवरच्या माणसाने कसे दिसावे याचा नमुना आपल्याच गावात आहे, अमेरिकेपर्यंत जायचे कारण नाही.

तरी अमेरिकेतला एक किस्सा सांगितलाच पाहिजे, कारण यावर जगभर बोभाटा झाला तो तिथून. २६ मार्च २०१७ रोजी डेन्व्हरहून मिनिआपोलिसला जाणाऱ्या युनायटेडच्या विमानात पासवर निघालेल्या दोन वयात आलेल्या मुलींना गेटवर अडवले. कारण काय, तर पायात लेगिंग. कंपनीचे म्हणणे, पैसे भरलेल्या प्रवाशाने लेगिंग घातली तर आमची ना नाही, पण पासवाल्यांसाठी नियम वेगळा आहे. लोकांनी कंपनीला धारेवर धरले आणि स्पर्धक डेल्टाने तेवढ्यात आपली पोळी भाजून घेतली, आमच्याकडे खुशाल लेगिंग घालून या म्हणाले. एक काळ असा होता की तिकडे पासवरच्या पुरुषाला कोट-टाय आणि बाईला मोजे घालूनच यावे लागे. त्यातले बरेच आता सुटले, फार तर बिझनेस क्लासमध्ये बसवायचे असेल तर कपड्याकडे जरा बारकाईने बघतात.

लेगिंगबद्दल शिंपी म्हणून मला एवढेच म्हणायचे आहे की ती घोट्यापर्यंत असते, हाफ पँटपेक्षा दुप्पट पाय झाकते. तरी अडवतात ती. म्हणजे हरकत उघडेपणाला नाही, अंगाला चिकटण्याला आहे, आणि ती हरकत फिरून फिरून पोरींवरच येते. पुरुषाची जीन्स कितीही तंग असली तरी तिची कोणी चौकशी करत नाही. आपल्याकडे गणपत गल्लीत उभे राहिलात तर दहा पोरींतल्या सात लेगिंगवर असतील, वर गुडघ्यापर्यंत कुर्ती. त्यात कोणाला काही वाटत नाही. वर कुर्ती असली की प्रश्नच मिटला. हे नियमात एका ओळीत लिहिता येते.

आता माझी वहाण. हे घडले उत्तरेतल्या एका मोठ्या विमानतळावर, परत येताना. कंपनी कोणती आणि गाव कोणते ते लिहीत नाही. मी माझ्या नेहमीच्या कपड्यात होतो. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, वर खादीचे जाकीट, डोक्यावर टोपी, सगळे घरच्या इस्त्रीचे. पायात अथणीहून आणलेली कोल्हापुरी वहाण. मंडळीच्या अंगावर इरकल आणि पायात तसलीच वहाण, जरा नाजूक. यादीतली नावे पुकारायला लागले. आमच्या पुढे एक तरुण होता, तोही स्टाफचाच कोणीतरी. त्याच्या जीन्सचे दोन्ही गुडघे फाडलेले आणि आडवे पांढरे दोरे मुद्दाम ठेवलेले. तो गेला. मंडळी गेली. माझ्यावर येऊन गाडी थांबली. गेटवरच्या मुलाने आधी पास बघितला, मग माझे पाय बघितले, आणि म्हणाला, ‘अंकल, स्टाफ तिकीट पे ओपन फुटवेअर अलाउड नहीं है.’

मी त्याला हिंदीत विचारले, आत्ता आत गेलेल्या बाईंच्या पायात काय होते? तो म्हणाला, लेडीजला सँडल चालते. मंडळी दारातून मागे वळून आली आणि तिने आपल्या बेळगावी मराठीत त्याला ऐकवले, ‘तेंच्या पायात हाय तेच माझ्या पायात हाय की. एकटी जाऊन मी काय करू?’ त्याला शब्द कळला नसेल, अर्थ कळला असावा. सुपरवायझर बाई आल्या. चांगल्या होत्या, बसा म्हणाल्या, वाकून वहाण बघितली, मागे पट्टा आहे का विचारले. कोल्हापुरीला मागे पट्टा कुठून असणार. एवढ्यात विमानाचे दार लागले. संध्याकाळच्या विमानाला मी त्याच विमानतळावरच्या दुकानातून कॅनव्हासचे बूट घेऊन, लेंग्याखाली ते घालून बसलो. कसा दिसत असेन ते विचारू नका. त्या बुटांची खरी किंमत मंडळीला अजून सांगितलेली नाही, हे पत्र तिने वाचले तर मात्र पंचाईत आहे.

ज्या वहाणेवरून मला अडवले तिची योग्यता बघा. कोल्हापुरीचे भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांचे मिळून आहे, चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले, आणि त्या चारांत आपला बेळगाव जिल्हा आहे. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर ते एकत्र नोंदलेले आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंनी सही करावी असा हा बहुधा एकच विषय सापडला. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसल्याच वहाणा घालून मॉडेल चालवले आणि आपल्याकडे ओरड झाली तेव्हा प्रेरणा भारतीय असल्याचे त्यांनी कबूल केले. म्हणजे मिलानच्या रॅम्पवर चालते, पण ज्या जिल्ह्यात ती बनते तिथल्या माणसाला ती घालून परतीच्या विमानात बसता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, नियम सुरक्षेसाठी असतो. असतोच. आणि त्या मुलाने ते कारण दिले असते तर मी गुमान बूट घातले असते. विमान बनवणाऱ्याला दाखवून द्यावे लागते की भरलेले विमान निम्म्या दारांतून नव्वद सेकंदांत रिकामे होते. आणीबाणीत दाराशी फुगणाऱ्या घसरगुंडीवरून उतरताना उंच टाचा काढायला लावतात, रबरी फुग्याला भोक पडू नये म्हणून. वहाण मागून मोकळी असते, धावताना सुटते, चामड्याचा तळ ओल्या लोखंडावर घसरतो. मी चपलेचा अभिमानी आहे, आंधळा नाही. पण हे धोके मंडळीच्या वहाणेलाही आहेत आणि सात हजारांचे तिकीट काढलेल्याच्या स्लिपरलाही आहेत. आग पासवाला कोण ते बघून लागत नाही.

आणि सुरक्षाच बघायची तर कापड बघा. आमच्या धंद्यात कापड ओळखायची जुनी रीत आहे. कडेचा एक दोरा ओढायचा, काडी लावायची. सुताचा दोरा सरळ जळतो, कागद जळाल्यासारखा वास येतो, बोटाने चोळला की राख. लोकरीला केस जळाल्याचा वास. पॉलिएस्टरचा दोरा जळण्याआधी वितळतो, आक्रसतो, आणि विझला की टोकाला काळा टणक मणी राहतो, तो बोटाला चिकटला तर कातडी घेऊनच निघतो. आता सांगा, माझा सुती सदरा-लेंगा धोक्याचा की कंपन्यांना ‘स्मार्ट’ वाटणारी चकचकीत पॉलिएस्टरची पँट? ड्रेस कोडच्या कागदावर ‘कॉलरचा शर्ट’ सापडतो, ‘सुती’ हे कुठेच सापडत नाही.

अडचण खरी इथे आहे. हे कागद कोणाच्यातरी परदेशी कागदावरून उतरवलेले असतात. त्यात ब्लेझर असतो, स्कर्टची लांबी असते, फॉर्मल शूज असतात. धोतर नाही, लुंगी कुठली चालेल आणि कुठली नाही ते नाही, नऊवारी नाही, टोपी-फेटा नाही. मग गेटवरचे बावीस वर्षांचे पोरगे आपल्या मनाने ठरवते, आणि त्याच्या मनात साहेबाचा एकच नमुना असतो. जुलै २०१४ मध्ये चेन्नईत एका क्लबने मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसली म्हणून दारातून परत पाठवले. तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी कायदा करून असल्या दारवानांचा बंदोबस्त केला. २०२४ च्या जुलैत आपल्याच राज्यात, बेंगळुरूच्या मागडी रोडवरच्या एका मॉलमध्ये, मुलाबरोबर सिनेमाला आलेल्या हावेरीच्या एका शेतकऱ्याला पंचे नेसल्यावरून अडवले. विधानसभेत आवाज उठला, मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. त्या वेळी मी दुकानात बसून टीव्हीवर ते बघत होतो आणि मनात म्हणत होतो, नियम लिहिणाऱ्याने एकदा तरी चिकोडीच्या आठवडी बाजारात येऊन बसावे.

एअर इंडियाने डिसेंबर २०२३ मध्ये नवे गणवेश दाखवले, मनीष मल्होत्रांनी केलेले. पुरुषांना बंदगळा, बायकांना साडी, आणि हवी तर साडीखाली सोयीची पँट. मी फोटो मोठे करून करून शिवण बघितली, काम सुरेख आहे. म्हणजे काम करणारीला देशी कपडा शोभतो, तोच घालून तिचा बाप प्रवासाला आला तर नजर बदलायचे काय कारण?

तेव्हा नियम असावा. तो नसला तर टिळकवाडीच्या वाचकांना बनियनच भेटणार, आणि त्यांनी तिकिटाचे पैसे बनियनच्या घामाचा वास घ्यायला दिलेले नाहीत. बिनबाह्यांचे बनियन, झोपायचे कपडे, जिमचे कपडे, छातीवर शिवीगाळ छापलेले टी-शर्ट, आंघोळीच्या स्लिपर हे नको, त्यात माझ्याकडून कसलीही सूट नाही. फाटके ते फाटके, कारखान्यात फाडलेले असो की कुंपणाला लागून फाटलेले. अंगावरचे धुतलेले असावे. पायातले पायाला धरून असावे, आणि हे बाईला आणि बाप्याला सारखेच. वहाण नको असेल तर तसे नाव घेऊन लिहा, म्हणजे आम्ही घरून निघतानाच बूट घालू. आणि आपल्या मुलखातले कपडे, धोतर, लेंगा, नऊवारी, पंचे, टोपी, नीटनेटके असतील तर चालतात, हेही नाव घेऊन लिहा. बिझनेस क्लासला हवे तर आणखी दोन अटी घाला, तिथे बसण्याचा आग्रह आमचा नाही.

मुख्य म्हणजे हे पास काढतानाच फोनवर आले पाहिजे. गेटवर सांगून उपयोग काय? तोवर माणूस सिक्युरिटीतून आत आलेला असतो, दुसरे कपडे घरी, आणि विकत घ्यायचे तर विमानतळाचे भाव. कन्नड, मराठी, हिंदी, ज्याला जी येते त्या भाषेत पाठवा. कुठल्या भाषेत आधी, हा वाद या पत्रात नको, त्यासाठी आपल्या दैनिकाचे पहिले पान राखीव आहेच.

एक गोष्ट धंद्याची. हल्ली खानापूर, वडगाव, येळ्ळूरकडची पोरेपोरी विमान कंपन्यांत लागताहेत. मुलीच्या ओळखीने दोघे-चौघे आले, म्हणाले, काका, पासवर चालेल असे काहीतरी शिवून द्या. सहा तास बाकड्यावर बसून वाट बघायची, विमान मिळाले तर दोन तास आत अवघडून बसायचे, आणि गेटवर कोणी बोट ठेवता कामा नये. मी त्यांना गडद रंगाची पँट शिवून देतो, जाड सुती कापडाची, ज्यात अगदी थोडा लवचीक धागा असतो. कमरेला पुढून साधा पट्टा, मागच्या बाजूला आत तीन इंच इलास्टिक, वरून दिसत नाही. पास आणि ओळखपत्र राहील असा एक आतला खिसा, कारण दर वेळी नाव पुकारले की पोरे बॅगा उपसत बसतात. मुलींच्या कुर्तीलाही दोन्ही बाजूंना खिसे, हाताचा पंजा पूर्ण जाईल एवढे. अजून कोणाला अडवल्याचे ऐकलेले नाही.

टिळकवाडीच्या पत्रलेखकांनी एकदा शहापुरात यावे. चहा पाजीन, पास दाखवीन, आणि त्यांची हरकत नसेल तर तो आतला इलास्टिकचा पट्टाही दाखवीन.

शेवटी एक विनंती. कृपया माझे नाव छापू नये. पासवर बसलेल्या नातेवाइकाने काही उलटसुलट केले तर जबाब कर्मचाऱ्याला द्यावा लागतो आणि पास बंद होऊ शकतात. वर्तमानपत्रात पत्र लिहिणे त्यात मोडते की नाही ते मुलीला विचारले. ती म्हणाली, ‘लिहा, पण नाव नको.’ दिवाळीला मंडळीला भाचीकडे पुण्याला जायचे आहे.

आपला,
शहापूरचा एक शिंपी
शहापूर, बेळगाव